ओळखा पाहू : निरीक्षणाचा एक अभ्यासपाठ

आपल्या विद्यालयात शनिवारच्या सकाळी ‘ओळखा पाहू’ या नावाचा एक पाठ घेतला जातो. त्याला पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, गुणही नाहीत. वसतिगृहात, भोजनगृहात किंवा विहारात रोज हाताळली जाणारी एखादी वस्तू अगदी जवळून टिपलेल्या छायाचित्रातून मुलांसमोर ठेवायची आणि ती कोणती हे त्यांनी ओळखायचे, एवढेच त्याचे स्वरूप. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना हा पाठ आठवत असेल. सुट्टीत घरी आलेल्या मुलांच्या तोंडून पालकांनीही त्याविषयी ऐकले असेल. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यामागची भूमिका थोडी विस्ताराने मांडावी, असे आम्हां शिक्षकांना वाटले. कारण वरवर करमणुकीचा दिसणारा हा तास आम्ही करमणूक म्हणून घेत नाही.

ओळखीच्या वस्तू अनोळखी का होतात?

ज्वारीच्या भाकरीचा बोटाच्या पेराएवढा भाग भिंगातून टिपून पडद्यावर मोठा करून दाखवला, तर दोन्ही वेळा भाकरी खाणारी मुलेही ती ओळखत नाहीत. कोणी म्हणते, उन्हाळ्यात भेगाळलेले शेत. कोणी म्हणते, चंद्राचा पृष्ठभाग. कोणाला ती हत्तीची कातडी वाटते. यात मुलांची बुद्धी उणी पडते असे मुळीच नाही. एरवी ज्या आधारांवर आपण वस्तू ओळखतो, ते आधार अशा छायाचित्रात काढून घेतलेले असतात.

पहिला आधार बाह्यरेषेचा. ताटातली भाकरी आपण तिच्या गोलाकारावरून ओळखतो. तिचा पृष्ठभाग निरखून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. दुसरा आधार आकारमानाचा. शेजारी ओळखीची वस्तू नसेल, तर समोरची भेग केसाएवढी आहे की हातभर रुंद, हे केवळ चित्रावरून ठरवता येत नाही. तिसरा आधार सोबतीचा. ताट, पिठले, कांदा यांच्या सोबतीत भाकरी दिसली की ओळखीचे निम्मे काम झालेले असते. चौथा आधार प्रकाशाचा. प्रकाश वरून येतो हे आपले मन गृहीत धरते आणि त्यानुसार सावलीवरून उंचवटा आणि खळगा ठरवते. त्यामुळे किसणीचे जवळून काढलेले छायाचित्र उलटे धरले, की तिची वर आलेली पाती आत दबलेली भासू लागतात. पाचवे कारण भिंगाचे आहे. भिंग वस्तूच्या जितके जवळ जाते, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. पुढचा कण रेखीव दिसतो आणि त्याच्या लगेच मागचा कण धुक्यात जातो.

आधार नाहीसे झाले तरी मन थांबत नाही, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ते स्वतःच्या साठ्यातून एक नाव काढते आणि समोरच्या चित्राला चिकटवते. दुष्काळी भागातून आलेल्या मुलाला भेगाळलेले शेत दिसते, विज्ञानाच्या पुस्तकात नुकताच चंद्र पाहिलेल्याला चंद्र दिसतो. उत्तरात वस्तूइतकाच, कधी कधी वस्तूहूनही अधिक, उत्तर देणारा दिसत असतो.

तीन रकाने

म्हणून या तासाला फळ्यावर तीन रकाने आखलेले असतात : ‘दिसते’, ‘वाटते’ आणि ‘तपासले’. पहिल्या रकान्यात वस्तूचे नाव लिहायला मनाई आहे. तेथे केवळ रंग, रेषा, चमक, खरखरीतपणा, छिद्रे, धागे यांची नोंद करायची. ‘भेगाळलेली जमीन’ हे पहिल्या रकान्यात बसत नाही. ‘फिकट पिवळसर पृष्ठभाग, त्यावर वेड्यावाकड्या चिरा, मध्ये काळसर डाग, डागांच्या कडेला फुटलेले पापुद्रे’ हे बसते. नाव न घेता पाच वाक्ये बोलणे किती अवघड असते, हे मोठ्यांनीही एकदा करून पाहावे.

नोंदी करताना काही प्रश्न उपयोगी पडतात. एकच आकृती पुन्हा पुन्हा येते का? येत असेल तर प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी येते की थोडी बदलून? यंत्राने केलेल्या वस्तूत पुनरावृत्ती काटेकोर असते. पानात, सालीत, पिसात ती सारखी असूनही हुबेहूब नसते. कड कापलेली आहे, फाटलेली आहे, साच्यातून निघालेली आहे की वाढत वाढत तयार झालेली आहे? चमक धातूची, तेलाची की ओलाव्याची? झीज कोठे झाली आहे? झिजलेली जागा हात कोठे लागतो हे सांगते आणि त्यावरून वस्तूचा उपयोगही कळू लागतो.

‘वाटते’ या रकान्यात किमान दोन शक्यता लिहाव्याच लागतात. एकच शक्यता लिहिली, की मन तिच्याच बाजूचे पुरावे गोळा करू लागते. तिसऱ्या रकान्यासाठी मुलांनी विचारायचे, “या दोन शक्यतांपैकी एक बाद करायची असेल, तर आणखी काय पाहावे लागेल?” त्यांनी नेमके मागितले, तरच दुसरे छायाचित्र दाखवले जाते : एक पाऊल मागे जाऊन काढलेले, दुसऱ्या बाजूने उजेड घेतलेले किंवा शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवलेले. तेवढ्यावर भागले नाही तर तिसरे.

अचूक नाव प्रथम सांगणाऱ्यासाठी या तासाला टाळ्या नसतात. त्याला विचारले जाते, “कशावरून?” कारण सांगता आले नाही तर ते उत्तर दुसऱ्याच रकान्यात राहते. उलट, एखाद्या मुलीने चुकीचे नाव सांगितले, पण त्याला दिलेली चारही कारणे चित्रात खरोखर असली, तर वर्ग तिच्या नोंदींवरूनच पुढे जातो. अनेकदा योग्य उत्तर तिच्याच नोंदींतून निघते.

जवळून पाहणाऱ्यांचा वारसा

जवळून पाहण्याने ओळखीचे जग अनोळखी होते, हा अनुभव विज्ञानाच्या इतिहासातही आहे. लंडनमध्ये १६६५ साली रॉबर्ट हूक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या वस्तूंची मोठी चित्रे त्यात होती. हूक यांनी सुरुवात केली ती सुईच्या टोकापासून आणि वस्तऱ्याच्या धारेपासून. अत्यंत अणकुचीदार समजले जाणारे टोक त्यांना बोथट आणि ओबडधोबड दिसले. छापील पूर्णविरामाचा ठिपका शाईच्या वेड्यावाकड्या डागासारखा दिसला. पुढे बुचाचा पातळ काप पाहताना त्यांना भिंतींनी वेगळे केलेले असंख्य रिकामे कप्पे आढळले आणि त्यांना त्यांनी लहान खोली या अर्थाचा शब्द वापरला. त्यालाच आज आपण पेशी म्हणतो. अजिंठ्याच्या विहारांत भिंतीत कोरलेल्या भिक्खूंच्या ओळीने असलेल्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या उपमेची कल्पना सहज येईल. मात्र हूक यांना दिसलेल्या खोल्या रिकाम्या होत्या, कारण बूच हे मृत सालीचे असते. जिवंत पेशीत काय असते, हे कळायला पुढच्या संशोधकांना पुन्हा पुन्हा पाहावे लागले. नाव सापडले म्हणजे पाहणे संपले, असे नव्हे.

जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट हे तर शिक्षकच होते. बर्लिनच्या कलाशाळेत ते वनस्पतींच्या आकारांवरून घडणकाम शिकवत. कळ्या, देठ, वेलींचे ताणे यांची अनेक पटींनी मोठी छायाचित्रे त्यांनी वर्षानुवर्षे शिकवण्यासाठी काढली. ती १९२८ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा लोकांना त्यांत मनोरे, खांब आणि लोखंडी नक्षीकाम दिसले. साधा देठ इतका भव्य असू शकतो, हे कित्येकांना तेव्हा प्रथम उमगले.

पाली साहित्यातील दोन हत्ती

आमच्या पाठाला सर्वांत जवळचा आधार मात्र धम्मसाहित्यात आहे. पाली तिपिटकात दोन हत्ती आहेत आणि ते दोन्ही मुलांना सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही.

पहिला हत्ती उदानातील. सावत्थीत निरनिराळ्या पंथांचे लोक जग शाश्वत की अशाश्वत यावर कडाक्याने भांडत होते. भिक्खूंनी ते भगवान बुद्धांना सांगितले, तेव्हा त्यांनी एका राजाची गोष्ट सांगितली. राजाने नगरातील जन्मांध लोकांना एकत्र आणून हत्ती दाखवला. कोणाच्या हाती डोके दिले, कोणाच्या कान, कोणाच्या पाय. ज्याने डोके चाचपले त्याने हत्ती माठासारखा असल्याचे सांगितले. कान चाचपणाऱ्याला तो सुपासारखा वाटला, सुळा चाचपणाऱ्याला नांगराच्या फाळासारखा, पाय चाचपणाऱ्याला खांबासारखा, शेपटी चाचपणाऱ्याला मुसळासारखा. मग आपलेच खरे म्हणून ते हातघाईवर आले. या गोष्टीत मुले एक बारकावा हेरतात : कोणाचाही स्पर्श खोटा नव्हता. कान खरोखरच सुपासारखा असतो. पहिल्या रकान्यातील नोंद बरोबर होती. ती थेट तिसऱ्या रकान्यात नेली, तेथे घोटाळा झाला. डोळे असण्या-नसण्याचाही येथे प्रश्न नाही. भाकरीच्या तुकड्यापुढे बसलेला डोळस वर्ग त्याच अवस्थेत असतो. त्या जन्मांधांनी एकमेकांना विचारले असते आणि हत्तीभोवती एक फेरी मारली असती, तर त्यांना पूर्ण हत्ती कळला असता.

दुसरा हत्ती मज्झिमनिकायातील चूळहत्थिपदोपम सुत्तात आहे. पिलोतिक नावाच्या परिव्राजकाने जाणुस्सोणि ब्राह्मणापुढे तथागतांची मोठी स्तुती केली : हत्तीचे पाऊल पाहून जसा मोठा हत्ती ओळखावा, तसे आपण श्रमण गोतमांना ओळखले आहे, असे त्याचे म्हणणे होते. जाणुस्सोणिने ते तथागतांच्या कानी घातले. स्तुती स्वतःची असूनही तथागतांनी ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. एवढ्याने उपमा पुरी होत नाही, असे सांगून त्यांनी ती पूर्ण केली. हत्तींच्या वनात शिरलेला कुशल मागकाढ्या लांबरुंद पाऊल पाहतो, पण मोठा नर हत्ती असल्याचा निष्कर्ष काढत नाही. कारण ठेंगण्या हत्तिणींचीही पावले मोठी असतात. तो माग काढत जातो. उंचावर अंग घासल्याच्या खुणा दिसतात, तरी तो थांबतो. उंच हत्तिणीही तशा खुणा करू शकतात. पुढे सुळ्यांनी ओरखडल्याच्या खुणा दिसतात, मोडलेल्या फांद्या दिसतात, तरी तो चालतच राहतो. अखेर झाडाखाली किंवा मोकळ्या जागी प्रत्यक्ष हत्ती दिसतो, तेव्हाच तो म्हणतो, हाच तो मोठा हत्ती. शिष्यानेही तथागतांविषयीचा निर्णय असाच टप्प्याटप्प्याने, शेवटी स्वतःच्या अनुभवाने करावा, असा त्या सुत्ताचा आशय आहे.

या मागकाढ्याला तर्क वर्ज्य नाही. खुणा तो वाचतोच. खुणा नसत्या तर त्याला वाटच सापडली नसती. शेतकरी पानावरचा ठिपका पाहून रोगाचा अंदाज बांधतो, आई मुलाचे डोळे पाहून ताप ओळखते. मागकाढ्याचे वेगळेपण एवढेच, की प्रत्येक खुणेपाशी तो दुसरी शक्यता आठवतो आणि अंदाजाला अंदाजच म्हणतो. आम्हांला आमच्या मुलांत हा मागकाढ्या घडवायचा आहे.

पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोष यांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गात नाण्यांचा दृष्टांत आहे. फलकावर नाण्यांची रास आहे. लहान मुलाला त्यांचा आकार आणि नक्षी तेवढी दिसते. गावकऱ्याला त्यांचे मोलही कळते. सराफाला मात्र खरे नाणे कोणते आणि खोटे कोणते हे कळते. त्यासाठी तो केवळ पाहत नाही, तर नाणे वाजवून ऐकतो, त्याचा वास घेतो, चव पाहतो, हातात तोलतो. सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा यांतील फरक आचार्यांनी असा समजावला आहे. आमचे तीन रकाने या तीन पायऱ्यांशी तंतोतंत जुळतात असा आमचा दावा नाही. पण प्रज्ञा ही पाहण्याच्या अधिक कष्टातून येते, एवढे मुलांना त्यातून निश्चित समजते.

माणसाचा तुकडा

हा सगळा खटाटोप वस्तूंपुरता असता, तर तो विज्ञानाच्या तासातच संपला असता. आमच्या दृष्टीने त्याचे खरे कारण पुढे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण घेऊन परतल्यावर १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला. पण ते अस्पृश्य आहेत हे कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे. समोर एक संपूर्ण माणूस उभा होता : त्याचे वाचन, त्याचे अर्थशास्त्र, त्याची सभ्यता, त्याचा थकवा. जमावाने त्यातले काहीच पाहिले नाही. जन्माचा एक तुकडा त्यांच्या हाती लागला आणि त्यावरून त्यांनी सगळ्या माणसाचे नाव ठरवले.

आमच्या वसतिगृहात येणाऱ्या मुलामुलींना शंभर वर्षांनंतरही या प्रश्नाचा सौम्य अवतार भेटतो. “नाव काय?” याच्या पाठोपाठ “आडनाव काय?” आणि “गाव कोणते?” असे प्रश्न येतात, आणि उत्तर मिळाले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा भाव उमटतो. कशाची ओळख पटली? बोलीतला एक हेल, कपड्याचा एक रंग, गुणपत्रिकेवरचा एक आकडा, अर्जावरचा एक रकाना : हे सारे जवळून काढलेले, कडा छाटलेले छायाचित्र असते. ते खोटे नसते. पण ते हत्तीचा कान असते.

हे आपल्यावर होते तसे आपल्याकडूनही होते, हे मुलांना सांगणे आम्ही टाळत नाही. नव्याने आलेला मुलगा पहिल्या आठवड्यात रडला म्हणून ‘रडका’ ठरतो, एकदा पैसे हरवले तेव्हा खोलीत असलेला ‘तसला’ ठरतो. असे काही कानावर आले, की आम्ही शिक्षेआधी फळ्यावर तीन रकाने आखतो. काय दिसले? काय वाटते? काय तपासले? तिसरा रकाना रिकामा राहिलेला पाहून वर्ग आपोआप गप्प होतो. मोबाइलवर फिरणाऱ्या छायाचित्रांबाबतही हेच विचारावे : चौकटीबाहेर काय होते, ते कधीचे आहे, कोणी कापले? कालामांना भगवान बुद्धांनी परंपरेवर, ऐकीव बोलण्यावर किंवा नुसत्या तर्कावरही विसंबून न राहण्यास सांगितले, ते या काळात रोज उपयोगी पडणारे आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. अधिक जवळ जाणे म्हणजे नेहमी अधिक सत्य पाहणे, असेही नाही. एखाद्या छापील अंकातले रंगीत छायाचित्र भिंगाखाली धरा. चेहरा नाहीसा होतो आणि निळसर, किरमिजी, पिवळे व काळे ठिपके तेवढे उरतात. ठिपके खरे आहेत. पण त्यांकडे पाहून चेहऱ्यावरचे हसू कळणार नाही. त्यासाठी पुस्तक हातभर लांब धरावे लागते. कोणती गोष्ट किती अंतरावरून पाहावी, हेही शिकण्याचाच भाग आहे.

घरी करून पाहण्यासाठी

पालकांनी हा पाठ घरी जरूर घ्यावा. खर्च काहीच नाही. साधे भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरले, की पुरेशी मोठी प्रतिमा मिळते. वस्तू खिडकीजवळ ठेवावी, उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि हात स्थिर राहावा म्हणून कोपर टेबलाला टेकवावे. उत्तर लगेच सांगू नये. सुरुवात म्हणून आमच्या संग्रहातील पाच छायाचित्रांचे वर्णन येथे देत आहोत; हे केवळ पहिल्या रकान्यातील वर्णन आहे.

१. पांढरट, अर्धपारदर्शक ठोकळे. बाजू सपाट, कोपरे जवळपास काटकोनी, काही झिजलेले. आकार लहानमोठे, घडण एकच.

२. दाट उभे आकडे, सर्व एकाच जाडीचे, टोके वाकलेली. काहींत बारीक केस आणि धुळीचा पुंजका अडकलेला.

३. हिरव्या तुकड्यांचा नकाशा; तुकड्यांमध्ये फिकट बांध. बांध जाड होत होत एका मोठ्या बांधाला मिळतात. कोणतेही दोन तुकडे सारखे नाहीत.

४. खडबडीत, बारीक छिद्रांचा गडद गोळा. त्याखालून सरळ, समांतर धागे निघालेले. एका ठिकाणी गोळ्याचा ओघळ धाग्यांवर सुकलेला.

५. चकचकीत धातूचा निमुळता भाग. टोकाशी कड आत वळलेली आणि त्या कडेत अर्धवट बुडालेला गोल. गोलावर निळी ओल.

पुढे वाचण्यापूर्वी प्रत्येकाला दोन शक्यता लिहाव्यात, अशी विनंती आहे.

उत्तरे आणि ‘कशावरून?’

१. बारीक मीठ : मिठाचे स्फटिक घनाकृती असतात. साखर अशी काटकोनी दिसत नाही. २. दप्तराच्या वेलक्रोची खरखरीत पट्टी : आकडे काटेकोर सारखे, म्हणून यंत्राने केलेले, अडकलेले केस त्यांचे काम सांगतात. स्वित्झर्लंडचे जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ साली कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्यातून ही कल्पना निघाली. ३. पिंपळाचे पान : शिरांचे जाळे एका मध्यशिरेला मिळते, त्यावरून पान निश्चित, ते पिंपळाचेच, हे मात्र या चित्रावरून सांगता येत नाही, त्यासाठी लांब निमुळते टोक दिसेल असे दुसरे छायाचित्र मागावे लागेल. ४. काडेपेटीतील काडीचे टोक : समांतर धागे लाकडाचे, ओघळ ओल्या मसाल्याचा. ५. बॉलपेनचे टोक : शाईची ओल आणि फिरता गोल.

तिसऱ्या चित्राला ज्यांनी ‘पान, कोणते ते अजून ठरत नाही’ असे उत्तर लिहिले असेल, त्यांचे उत्तर आम्ही पूर्ण समजतो.